आणि आणखी एक जण

"हिचाच बाप गेल्यासारखी रडतेय बघ," अश्लेषा माझ्या कानाशी म्हणाली.

पप्पांना जाऊन चार दिवस झाले होते आणि आमचा अख्खा नववी ब आमच्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत मांडी घालून बसला होता. खडतकर बाईंनी सगळ्यांना शाळेतून रांगेत आणलं होतं, चपलाही रांगेतच काढायला लावल्या होत्या. वाटेत त्यांनी बरंच काही बजावलं असणार, कारण एरवी ज्यांचं तोंड मिटत नाही ती पोरंसुद्धा मुकाट्याने पंख्याकडे बघत होती. मुली आळीपाळीने डोळे पुसत होत्या. दाराशी, चपलांच्या अगदी जवळ बेबीनंदा गेडाम बसली होती. गुडघ्यांत डोकं घालून ती रडत होती, आणि ते बाकीच्या मुलींसारखं रीतीचं रडणं नव्हतं. तिचं सगळं अंग हलत होतं, मधेच श्वास अडकत होता, आणि तो सुटला की घशातून एक घाणेरडा आवाज येत होता.

आई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली तर तीही दारात थबकली.

"बेबीनंदा, पाणी पी बरं," खडतकर बाई म्हणाल्या. "शांत हो. केतकीला आणखी त्रास होईल ना."

मला त्रास होत नव्हता, राग येत होता. चार दिवसांत मला तसं रडता आलं नव्हतं. पप्पा माझे गेले होते, फोटो माझ्या घरात होता, हार माझ्या काकांनी आणला होता, आणि सगळा वर्ग माझ्याकडे पाठ करून दाराकडे बघत होता. ही मुलगी माझ्याशी वर्षभरात चार वाक्यंसुद्धा बोलली नसेल.

"इतकं काय रडतेस?" मी मोठ्याने म्हणाले. "तुझे पप्पा गेलेत का?"

बेबीनंदाने डोकं वर केलं. नाक फ्रॉकच्या बाहीला पुसलं.

"नाई," ती म्हणाली. "बाबा आंध्रात गेले आहेत. मिरची तोडाले."

मागच्या दोन पोरांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात दाबलं. बाईंनी त्यांच्याकडे डोळे वटारले आणि मला समजावलं, "अगं, तिचा काका होता तुझ्या पप्पांसोबत. रडू दे तिला थोडं."

"काकाच ना," अश्लेषा पुटपुटली आणि तिने माझा हात आपल्या हातात घेतला.

हा हात काय होता ते आधी सांगायला हवं. गावाचं नाव लिहीत नाही, अजून तिथं ओळखीची माणसं आहेत. चंद्रपूरकडचं एक औष्णिक वीज केंद्र, त्याची कॉलनी, आणि कॉलनीची शाळा. क्वार्टर टाइप वनपासून टाइप फाइव्हपर्यंत. टाइप फाइव्हला पुढे लॉन आणि मागे आंब्याचं झाड, टाइप टूला पुढे तुळस आणि मागे शेजाऱ्याचा संडास. आम्ही टाइप टूवाले. पप्पा कनिष्ठ अभियंता होते. अश्लेषाचे वडील उपमुख्य अभियंता, म्हणजे टाइप फाइव्ह. वर्गात कोणी कुठं बसायचं याचा नियम नव्हता, पण क्वार्टरच्या टाइपप्रमाणे बाकं आपोआप भरत जायची. मी चौथ्या बाकावर होते. शेवटच्या बाकावर बसायची ती प्रकल्पग्रस्तांची मुलं, ज्यांच्या आजोबांच्या शेतावर आता केंद्राच्या राखेचा तलाव होता. तलावापलीकडच्या टोलीतून, म्हणजे त्यांच्या वस्तीतून, ती चालत यायची. बेबीनंदा त्यांतली.

तर त्या अश्लेषाने, जिने आठवीत माझ्या वाढदिवसाचं चॉकलेट "नको, मला खोकला आहे" म्हणून परत दिलं होतं, आता चार दिवस माझा हात सोडला नव्हता.

अपघात तिसऱ्या युनिटमध्ये झाला. वाफेच्या लाइनवर दुरुस्ती चालू होती, पप्पा देखरेखीला होते आणि एक कंत्राटी मजूर काम करत होता. लाइन फुटली. पेपरात आलं, 'अभियंता अनिल बोकारे यांच्यासह दोन ठार'. दुसऱ्याचं नाव खाली बारीक अक्षरांत होतं, दशरथ गेडाम.

आमच्याकडे त्या दिवसांत चूल पेटली नाही. कॉलनीच्या महिला मंडळाने कागदावर यादी केली, कोणत्या दिवशी कोणाकडून कडू घास यायचा त्याची, आणि ती यादी आमच्याच फ्रिजवर चिकटवून ठेवली. सकाळी एका घरचा डबा, दुपारी दुसऱ्या. धाकट्या अमेयला कोणीतरी क्रिकेट खेळायला घेऊन जायचं. माझ्या विज्ञानाच्या वह्या तीन मुलींनी वाटून पूर्ण केल्या. गणिताच्या सरांनी निरोप पाठवला, चाचणी देऊ नकोस, मी बघतो. माझ्या आसपास सतत कोणीतरी असायचं. मी पाणी म्हणायच्या आत पाणी यायचं.

आठव्या दिवशी आईने मला शाळेत पाठवलं. घरात बसून भिंती किती बघशील, म्हणाली. शाळेत गेले तर पहिल्या बाकावर अश्लेषाने माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती. मधल्या सुट्टीत माझ्याभोवती एवढी गर्दी की डबा उघडायला कोपर हलवता येईना. आणि त्या गर्दीच्या पलीकडून, पाण्याच्या टाकीजवळून बेबीनंदा माझ्याकडे बघत होती. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी वैतागले. संडासला जाते असं मुलींना सांगितलं आणि टाकीमागे गेले.

ती डबा घासत होती. डबा केव्हाच स्वच्छ झाला होता, तरी घासत होती.

"माझ्याकडे काय बघत असतेस रोज?"

"नाई बघत."

"बघतेस. मी आंधळी नाही. आणि त्या दिवशी आमच्या घरी काय तमाशा केलास? आई विचारत होती, कोण गं ती म्हणून."

ती उठली नाही. नळ बंद केला आणि म्हणाली, "कोणाले सांगशील नाई?"

"काय?"

"शपथ घे. तुझ्या पप्पाची."

"माझे पप्पा गेलेत. त्यांची कसली शपथ?"

"म्हणूनच घे."

मी घेतली. घाई होती मला, मुली वाट बघत होत्या.

"काका नाई गेला," ती म्हणाली. "माझे बाबा गेले."

मला वाटलं, हिला काहीतरी झालंय. तिने ते ओळखलं असावं, कारण पुढचं तिने अगदी हळू, एखाद्या लहान मुलीला गणित सांगावं तसं सांगितलं.

"दिवाळीत काकाचा पाय मोडला. ठेकेदाराच्या हजेरीत खाडा पडला असता तर पक्कं करायच्या यादीतून काकाचं नाव गेलं असतं. मग बाबा म्हणाले, तुझा पास मले दे, तू बरा होतपर्यंत मी जातो. दोघं सारखेच दिसते. गेटवर कोणी बघतच नाई. महिना झाला जाऊन राहिले होते बाबा, काकाच्या पासवर."

"मग?"

"मग काय. खिशात पास काकाचा. आणि चेहरा तर..." तिने डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "म्हणून कागदावर काका मेला. बाबाले काकाच्या नावानं माती दिली."

"अगं, मग सांगायचं ना जाऊन ऑफिसमध्ये!"

"ठेकेदार आला होता घरी. म्हणे दुसऱ्याच्या पासवर आत गेला तो माणूस चोर. त्याच्या घरच्याले काही भेटत नाई, उलट काकावर केस होते. म्हणे कागदावर आहे तसंच राहू द्या. दशरथ मेला, तर दशरथच्या भावाले मी कामावर घेतो. लटारूले."

"लटारू कोण?"

"बाबा."

मी टाकीच्या कडेला टेकले.

"काका आता लटारू होईल," ती म्हणाली. "सध्या मामाच्या गावी लपून आहे. दाढी वाढवून राहिला. महिन्याभरानं येईल आणि आम्ही म्हणू, बाबा मिरची तोडून आले."

एक पोरगा पाणी प्यायला आला. आम्ही दोघी गप्प बसलो. तो गेल्यावर मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "आणि तुझी आई?"

"मायनं कुंकू लावलं आहे. लावावंच लागते, मायचा नवरा तर आंध्रात आहे ना. बांगड्या काकूनं फोडल्या. बाया येतात, काकूजवळ बसतात, काकूले पोटाशी धरतात. काकू रडते पण खरं, भीतीनं रडते. माय चुलीजवळ बसते. आल्यागेल्याले चहा करते."

"आणि तू?"

"मी शाळेत येते."

तिने ते अगदी साधेपणाने सांगितलं. मला तिची दया आली. हेही लिहून ठेवते, की आली होती.

"तुमच्या घरी त्या दिवशी रडता आलं," ती म्हणाली. "सगळेच रडत होते, म्हणून. घरी रडलं तर माय तोंडावर हात ठेवते. तुले राग आला तर माफ कर."

घंटा झाली. मी निघाले तर तिने माझ्या हाताला धरलं. तिचा हात ओला होता.

"शनिवारी सभा आहे ना तुझ्या पप्पाची? सर तुले बोलाले लावतील. तू फक्त इतकं म्हणजो, माझे पप्पा गेले आणि त्यांच्यासोबत आणखी एक जण गेले. नाव नको घेऊ. काका म्हणू नको, बाबा म्हणू नको. आणखी एक जण, बस. मग दोन मिनिटं सगळे उभे राहतील तेव्हा मी समजेन, बाबासाठी पण उभे आहेत."

"बरं."

"नक्की ना?"

"म्हणेन म्हटलं ना."

तिने हात सोडला. त्या दिवशी वर्गात तिने मागच्या बाकावरून एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. मी दोनदा वळून बघितलं, ती फळ्यावरचं उतरवून घेत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई एकटीच होती, तेव्हा मी विषय काढला. शपथ मोडायची नव्हती, म्हणून आडून विचारलं.

"आई, पप्पांसोबत जो माणूस गेला, त्याच्याबद्दल सभेत एक वाक्य बोलू का?"

आई गादीवर पाय दुमडून पप्पांच्या शर्टांच्या घड्या करत होती. तिचे हात थांबले.

"कोणी सांगितलं तुला हे?"

"कोणी नाही. मला वाटलं."

"त्या माणसाचं नाव घरात काढायचं नाही. बाहेर तर नाहीच नाही." आईचा आवाज इतका बारीक झाला होता की मला पुढे सरकावं लागलं. "चौकशी लागली आहे, केतू. आत कोणाला घेतलं, पास कोणी बघितला, परवानगीवर सही कोणाची, सगळं विचारतायत. सही पप्पांची आहे. मला ते एकदा म्हणाले होते, दशरथच्या जागी त्याचा भाऊ येतो हल्ली, बरं काम करतो म्हणून. हे तू ऐकलं नाहीस. मीही ऐकलं नाही. हे बाहेर गेलं तर सगळं पप्पांवर येईल, मला नोकरी मिळणार नाही आणि महिन्याभरात क्वार्टर सोडावं लागेल. कुठं जाणार आपण तिघं?"

म्हणजे बेबीनंदाचं खरं होतं. आईला माहीत होतं. पप्पांनाही माहीत होतं. तिच्या बाबांना पप्पांनीच त्या लाइनवर चढवलं होतं.

"मी नाव नाही घेणार," मी म्हणाले. "फक्त आणखी एक जण म्हणेन."

आईने हातातला शर्ट घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "तेवढं म्हण. तेवढ्याने काही होत नाही. माणूसच होता तोही."

आईने परवानगी दिली होती. हे मी मुद्दाम सांगते आहे.

शुक्रवारी मी भाषण कागदावर लिहून काढलं. अश्लेषाच्या घरी, त्यांच्या लॉनवर, वेताच्या खुर्चीत बसून. तिची आई सरबत घेऊन आली आणि माझ्या केसांवरून हात फिरवून गेली. अश्लेषाने भाषण वाचलं.

"छान आहे गं. मला तर रडूच आलं." मग तिचं बोट एका ओळीवर थांबलं. "हे काय? 'त्यांच्यासोबत आणखी एक जण गेले.' हे कशाला? सभा बोकारे काकांची आहे ना? त्या बेबीनंदाला आणखी कारण मिळेल गळा काढायला."

"असू दे," मी म्हणाले.

"तुझी मर्जी. पण मी असते ना, तर नसतं लिहिलं. तुझ्या पप्पांचा दिवस आहे."

ओळ मी खोडली नाही. कागद घडी करून दप्तरात ठेवला.

शनिवारी सकाळी शाळेचं मैदान भरलं होतं. थंडीचे दिवस, ऊन नुकतंच आलेलं, पाचवीची मुलं स्वेटरात गुरफटून पुढे उभी. टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर पप्पांचा फोटो. मुख्य अभियंत्यांच्या मिसेस आल्या होत्या, कॉलनीतले बरेच लोक आले होते. मुख्याध्यापक डाखोरे सर बोलले, खडतकर बाई बोलल्या आणि बोलता बोलता रडल्या. मग सर म्हणाले, "आता आपली केतकी, या वयात एवढा आघात धीराने सोसणारी आपली विद्यार्थिनी, दोन शब्द बोलेल."

मी माइकसमोर गेले. सहाशे मुलं होती. मी कधी एकटी सगळ्यांसमोर उभी राहिले नव्हते, स्नेहसंमेलनात मला नेहमी मागच्या रांगेतलं झाड करायचे. मी वाचायला लागले. पप्पा मला सायकल कशी शिकवायचे, ड्यूटीवरून येताना खारे शेंगदाणे कसे आणायचे. पुढची मुलं तोंड उघडं टाकून ऐकत होती. मिसेसनी रुमाल काढला. आणि मग ती ओळ आली.

नववी ब च्या रांगेत शेवटी बेबीनंदा उभी होती. केस तेल लावून घट्ट बांधले होते. ती माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हती, माझ्या ओठांकडे बघत होती. तिचे स्वतःचे ओठ थोडे उघडले होते.

मी ओळ सोडली आणि पुढची वाचली. "पप्पा, तुम्ही आम्हाला सोडून गेलात, पण ही सगळी शाळा माझ्या पाठीशी उभी आहे."

लहान मुलांनी चुकून टाळ्या वाजवल्या. पीटीच्या सरांनी हात वर करून त्यांना गप्प केलं.

"आपण सर्व जण दोन मिनिटं शांत उभं राहून श्रद्धांजली अर्पण करू," डाखोरे सर म्हणाले आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघू लागले.

सगळं मैदान गप्प झालं. अर्धं मिनिट गेलं असेल.

"सर, माझे बाबा पण गेले."

आवाज मोठा नव्हता, पण त्या शांततेत शेवटपर्यंत ऐकू गेला. मुलांच्या माना वळल्या.

"कोण आहे ते?" सर म्हणाले.

"गेडाम, सर," कोणीतरी सांगितलं. "नववी ब."

खडतकर बाई लगबगीने रांगेत गेल्या. "बेबीनंदा, हे काय? तुझा काका गेला ना बाळा? त्याच्यासाठीही आपण मनातल्या मनात..."

"काका नाई. बाबा. माझेच बाबा, लटारू गेडाम." तिच्या आवाजात हुंदका नव्हता. "माझेच बाबा गेले बाई. कोणीच म्हणत नाई."

"अगं, तूच सांगितलंस ना वर्गात, बाबा मिरची तोडायला गेलेत म्हणून?"

मागून पोरांचं हसू आलं. या वेळी त्यांनी ते दाबलं नाही. बेबीनंदाने सगळीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे बोट केलं.

"केतकीले विचारा. केतकीले माहीत आहे."

सहाशे तोंडं माझ्याकडे वळली. डाखोरे सर माझ्याजवळ आले. चांगला माणूस होता तो, त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून विचारलं, "काय म्हणते ती, केतकी? तुला काही माहीत आहे का, बेटा?"

मी कॉलनीच्या लोकांत उभ्या असलेल्या आईकडे बघितलं नाही. बघायला हवं होतं, निदान नंतर, आईकडे बघून नाही म्हणाले, असं म्हणायचा आधार राहिला असता.

"नाही, सर," मी म्हणाले. "मला माहीत नाही."

मी आईसाठी गप्प बसले, क्वार्टरसाठी, पप्पांच्या नावासाठी, असं पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. नवऱ्याला सांगितलं, त्यालाही पटलं. बेबीनंदाच्या घरचंही त्यात भलंच झालं, नाहीतर त्यांची नोकरी गेली असती, हेही सांगून बघितलं. तेही खोटं नाही. पण आणखी एक जण म्हणायला आईची ना नव्हती, आणि त्या तीन शब्दांनी कोणाचीही नोकरी जाणार नव्हती. मी ते म्हणाले असते, तर ती पोरगी मुकाट्याने दोन मिनिटं उभी राहिली असती आणि घरी गेली असती.

मी ओळ सोडली, कारण पप्पा गेल्यापासून मी पहिल्यांदाच कोणीतरी झाले होते. पहिला बाक मिळाला होता, अश्लेषाचा हात मिळाला होता, लॉनवरची खुर्ची मिळाली होती. त्या मैदानावर पुढ्यात सहाशे मुलं माझ्यासाठी उभी होती आणि मला त्यांतलं एकही कोणाला द्यायचं नव्हतं. पप्पांवर माझं प्रेम होतं. तरी त्यांच्या जाण्याने मला जे मिळत होतं, ते वाटून घ्यायची माझी तयारी नव्हती. चौदा वर्षांची होते मी, पण एवढं मला तेव्हाही नीट कळत होतं.

पुढचं थोडक्यात सांगते. महिन्याभराने दाढीवाला लटारू गेडाम कामावर लागला. आईला नोकरी मिळाली, क्वार्टर टिकलं. बेबीनंदाला वर्गात मिरची म्हणायला लागले. मी म्हणाले नाही, पण कोणाला थांबवलंही नाही. काही आठवडे ती आली, मग यायची बंद झाली. दहावीच्या यादीत तिचं नाव नव्हतं. पुढच्या वर्षी तिचं लग्न झाल्याचं कळलं, पत्रिकेत वडिलांचं नाव बरोबर लटारू होतं आणि कन्यादान काकाने केलं. दहावीला मला ब्याऐंशी टक्के मिळाले. दुःखावर मात करणारी मुलगी म्हणून पेपरात माझा फोटो आला, आणि महिला मंडळाने सत्कार केला. बेबीनंदाला मी कधी शोधलं नाही. गाव माहीत आहे, जाऊ शकले असते.

पण त्या सकाळचं अजून थोडं सांगायचं राहिलं आहे.

मी "माहीत नाही" म्हणाले, तेव्हा बेबीनंदाचं बोट हळूहळू खाली आलं. खडतकर बाई तिला बाजूला न्यायला लागल्या, पण डाखोरे सरांनी त्यांना हाताने थांबवलं. "राहू द्या," ते म्हणाले. "काकाच्या जाण्याने मनावर परिणाम झालेला दिसतो. उभी राहा, बाळ, आपल्या जागेवर." मग ते माइकजवळ परत आले, त्यांनी घड्याळ बघितलं आणि खाकरून म्हणाले, "मौन मोडलं आहे. कैलासवासी बोकारे साहेबांसाठी आपण पुन्हा पहिल्यापासून दोन मिनिटं उभं राहू."

पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. अश्लेषा रांग सोडून माझ्याजवळ आली आणि तिने माझा उजवा हात धरला. दुसऱ्या बाजूने आणखी कोणीतरी डावा धरला. मागून एक हात पाठीवर आला. मला रडू फुटलं, चार दिवसांत आलं नव्हतं आणि आठ दिवसांत आलं नव्हतं तसं, आणि सगळ्यांनी मला घट्ट धरून ठेवलं.

नववी ब च्या रांगेत बेबीनंदाच्या पुढची आणि बाजूची मुलगी एकेक पाऊल सरकल्या होत्या. मधल्या मोकळ्या जागेत ती दोन्ही हात अंगाला चिकटवून, मान खाली घालून उभी होती. माझ्या पप्पांसाठी ती पूर्ण दोन मिनिटं उभी राहिली, आणि या वेळी ती रडली नाही.